शेरीच्या पिंपातलं गंधक

आमच्या घरात नवरा-बायको दोघांचाही धंदा लोकांना गुंगी आणण्याचा. नवरा चंदीगडच्या मोठ्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ, आणि मी व्हिस्कीच्या कारखान्यात चव घेणारी. हा विनोद मी नोकरीभर सांगत आले, कारण तो मी आधी सांगितला नाही तर समोरचा याहून वाईट सांगायचा.

सासूबाईंनी स्वतःपुरता तोडगा काढला होता. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं, सूनबाई काय करतात, तर म्हणायच्या, "मालाची प्रत तपासते." कसला माल हे विचारायची कुणाची टाप नव्हती. लेकीला मात्र असलं काही जमलं नाही. तिने शाळेत सरळ सांगितलं की मम्मा रोज सुबह ग्यारह बजे व्हिस्की सूंघती है. वर्गाच्या बाईंनी माझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, की डॉक्टरसाब, घर में सब ठीक है ना?

सगळं ठीक होतं हो. मी आयुष्यात कधी घरी ग्लास भरला नाही. कारखान्यात तोंडात घेतलेला घोट बेसिनमध्ये थुंकायचा असतो, आणि तोंडात घेण्याआधीच नव्वद टक्के निकाल नाकानं दिलेला असतो. वेळ सकाळी अकराची, कारण तेव्हा पोट हलकं असतं पण भुकेनं कावलेलं नसतं. ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास आत कोंडून राहतो. त्यात व्हिस्कीइतकंच साधं पाणी घालायचं. लोकांना वाटतं पाणी घालणं म्हणजे भेसळ. अहो, पाणी घातल्यावरच तर ती बोलायला लागते. तोवर नुसता स्पिरिटचा झणका. पथ्यंही सासुरवाशिणीसारखी. सकाळी कांदा नाही, पावडर नाही, वासाचं तेल नाही. चंदीगडला मोगऱ्याचा गजरा आधीच दुर्मीळ, आणि कधी मिळालाच तर तो मी रविवारी माळायची.

आता शेरीचं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. व्हिस्की गाळून निघते तेव्हा पाण्यासारखी पांढरी असते. रंग, गोडवा, भारदस्तपणा हे सगळं तिला लाकडी पिंपात वर्षानुवर्षं झोपून मिळतं. पिंपात आधी काय होतं यावरही बरंच ठरतं. शेरी ही स्पेनची द्राक्षाची दारू. ती मुरलेल्या पिंपात व्हिस्की ठेवली की तिला बेदाणे, खारीक, लवंग, अक्रोड असला वास येतो. एकाच धान्याची, एकाच कारखान्याची, दुसऱ्या कशाशी न मिसळलेली म्हणजे सिंगल माल्ट. आणि शेरीच्या पिंपातली सिंगल माल्ट म्हणजे या धंद्यातली शालू नेसलेली नवरी.

मी तासगावची. आमचा बेदाण्याचा धंदा. द्राक्षं शेडमध्ये जाळीवर वाळवायची आणि बेदाणा पिवळाधमक राहावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी द्यायची. धुरी जास्त झाली की माल दिसायला सोन्यासारखा आणि खाताना घशात बोचरा. वडील मूठभर बेदाणे घेऊन मूठ घट्ट मिटायचे, ती गरम झाली की उघडून हुंगायचे. मग मूठ आमच्या नाकाखाली धरायचे. काडेपेटीची काडी विझताना जो वास येतो, त्याचा पुसटसा अंश त्यात आहे की नाही, हे आम्ही भावंडं पाढे यायच्या आधी सांगायला शिकलो.

लग्न होऊन चंदीगडला आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. रसायनशास्त्राची एम.एस्सी. होते, पण हिंदी अशी की भाजीवाला माझ्याशी इंग्रजीत बोलायचा. तेव्हा देशाची दारं नुकतीच उघडली होती. बाहेरच्या कंपन्या येणार, आता आपला माल सुधारला पाहिजे, अशी सगळ्या कारखानदारांची धावपळ चाललेली. शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या कारखान्याला केमिस्ट हवा होता. नाव सांगत नाही, कारखाना अजून चालू आहे. नवरा म्हणाला, जाऊन तर बघ, फार तर नाही म्हणतील.

मुलाखत घेतली गिलसाहेबांनी. ते तिथले मुख्य ब्लेंडर, म्हणजे कुठलं पिंप कुठल्या पिंपाबरोबर नांदवायचं हे ठरवणारा माणूस. उंचेपुरे सरदारजी, पांढरी दाढी जाळीत बांधलेली, आवाज मात्र देवळातल्यासारखा हळू. त्यांनी रसायनशास्त्राचं अक्षरही विचारलं नाही. तीन ग्लास पुढे ठेवले आणि म्हणाले, काय येतंय ते सांग. मी जन्मात पहिल्यांदा व्हिस्की हुंगत होते. पहिल्यात मला नव्या फर्निचरचा वास आला, तसं सांगितलं. दुसऱ्यात कच्चं केळं. तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि एकदम तासगावच्या शेडमध्ये उभी राहिले. म्हटलं, यात गंधक आहे, धुरी जास्त झाली आहे.

गिलसाहेबांनी तिसरा ग्लास उचलून बाजूला ठेवला. हे कुठे शिकलीस म्हणाले, तेव्हा मी मोडक्यातोडक्या हिंदीत बेदाणे, धुरी, वडिलांची मूठ, सगळं सांगितलं. ते उठले, खिडकीशी गेले, आणि बाहेर बघतच म्हणाले, सोमवारपासून ये.

मला का घेतलं, हा प्रश्न मला कैक वर्षं छळत राहिला. माझ्याबरोबर त्या दिवशी धंद्यातले अनुभवी लोक आले होते. कारखान्यात कुजबुज होती की मालकांना, म्हणजे लालाजींना, पाहुण्यांना दाखवायला एक शिकलेली बाई हवी होती. कुणी म्हणायचं, डॉक्टरची बायको आहे, कधीतरी उपयोगी पडेल. मला स्वतःला वाटायचं की त्यांनी परमुलखातल्या पोरीवर दया केली. दयेवर मिळालेली नोकरी माणूस जरा जास्तच राबून करतो. मीही केली. सेक्टर बावीसच्या नाक्यावरून कारखान्याची बस सुटायची, ती मी कधी चुकवली नाही, तापातसुद्धा. एकदा गिलसाहेबांना तोंडावर विचारलं, तर हसून म्हणाले, "तेरी किस्मत, बेटा." विषय संपला.

पण शिकवलं मात्र जीव ओतून. धंद्याची सगळी पुस्तकं इंग्रजी, त्यात वासांची नावं इंग्रज साहेबाच्या घरातली. शेरीच्या व्हिस्कीला म्हणे ख्रिसमस केकचा वास. मी केक खाल्लेला तो बेकरीतला, गुलाबी क्रीमचा. घोकून घोकून तसंच लिहायला लागले, तेव्हा त्यांनी माझा कागद परत केला. "जो खाया नहीं, वो लिखो मत. अपने घर का लिखो." तेव्हापासून माझ्या शेऱ्यांत मोरावळा आला, सुंठ आली, लग्नघरातली कोठीची खोली आली. नेगी नावाचा आमचा हिमाचली केमिस्ट होता, तो देवदार आणि सुकवलेल्या जर्दाळूंवर सगळं भागवायचा. एकमेकांचे वास आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष आणून हुंगवले. मी त्याला गावाकडून आणलेला मोरावळा दिला, तर त्याने वासाबरोबर बरणीही संपवली.

गिलसाहेबांचा एक नियम होता, आणि तो दगडावरची रेघ होता. ग्लास फिरताना कुणी चेहरासुद्धा हलवायचा नाही. मग बोलायचं ते धाकट्यापासून. सर्वांत नवा माणूस आधी, सर्वांत जुना शेवटी. मोठा आधी बोलला की धाकट्याचं नाक तिथेच मरतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गिलसाहेब नेहमी शेवटी बोलायचे, आणि ते बोलले की निकाल लागला.

आणखी एक सवय होती त्यांची. कुठलंही परदेशी पिंप उघडलं की ते मला वेगळं बोलवायचे. पिंपाच्या भोकाशी मला नाक लावायला सांगायचे आणि म्हणायचे, जरा देख. मी सांगायची, ते मान डोलवायचे. मला वाटायचं, माझी परीक्षा चालली आहे. एवढी वर्षं झाली तरी माझ्यावर भरवसा नाही, म्हणून मी मनातून थोडी खट्टूही व्हायची.

नव्वदचं दशक संपता संपता लालाजींनी स्पेनमधून शेरीची पिंपं आणवली. त्यांचं ते स्वप्न होतं. बाजारात एव्हाना परदेशी बाटल्या उघड मिळायला लागल्या होत्या आणि चंदीगडची मंडळी लग्नात त्या मिरवायला लागली होती. लालाजींना भर मांडवात आपली बाटली त्यांच्या शेजारी मांडायची होती. आमचा माल त्या पिंपांत भरला आणि वाट बघत बसलो. वाट बघणं हेच या धंद्यातलं मुख्य काम, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात व्हिस्की लवकर पिकते आणि दरसाल थोडी हवेतही उडते, त्यामुळे विलायतेइतकं थांबावं लागत नाही. तितकं थांबलात तर पिंपात फक्त लाकूड उरेल.

माल तयार व्हायला आला तेव्हा गिलसाहेबांची निवृत्ती जवळ आली होती. लालाजींनी ठरवलं की बाटलीच्या चिठ्ठीवर गिलसाहेबांची सही छापायची. ब्लेंडरच्या आयुष्यात याहून मोठं काही नसतं. आयुष्यभर हजारो पेट्या भरून गेल्या तरी त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. त्या आठवड्यात गिलसाहेबांना टेबलावर उगाचच सही गिरवताना मी बघितलं.

मालाची शेवटची परीक्षा नेमकी गणपतीत आली. संध्याकाळी मंडळाच्या आरतीचं ताट आमच्याकडे होतं, म्हणून मी पूजेचं सामान पिशवीत घालून सकाळीच बरोबर घेतलं होतं. सासूबाईंनी पळी-पंचपात्र चिंचेनं घासून लख्ख केलेलं. आम्ही बसलो, लालाजी कधी नव्हे ते स्वतः येऊन बसले. सगळ्या शेरीच्या पिंपांतला थोडा थोडा माल एकत्र करून नमुना केला होता. तो पसंत पडला की दुसऱ्या दिवशी सगळी पिंपं हौदात रिकामी होणार होती. एकदा एकत्र झालं की पिठातून मीठ वेगळं काढता येत नाही.

ग्लास फिरले. आमच्यातला सर्वांत धाकटा केमिस्ट बोलला, बेदाणे, चॉकलेट, फार छान. मग नेगी म्हणाला, जर्दाळू, अक्रोड, शेवटी जरा कोरडी पण उत्तम. लालाजींचा चेहरा फुलत चालला होता. माझी पाळी आली. मी आधी दोन थेंब तळहातावर चोळले होते, मूठ मिटली होती, आणि उघडल्यावर मला हवा होता तोच वास नको त्या सोबत्याबरोबर आला होता. बेदाणे होतेच. पण ते आमच्या शेडमधले, धुरी जास्त झालेले.

कसं काय ते सांगते. रिकामं पिंप लांबच्या प्रवासात बुरसू नये म्हणून व्यापारी त्यात गंधकाची वात जाळतात. तासगाव काय आणि स्पेन काय, युक्ती तीच. नंतर पिंपाला नीट वारं लागू न देता ते भरलं, तर ते गंधक लाकडातून मालात उतरतं. गंमत म्हणजे सगळ्यांना ते कळत नाही. काहींच्या नाकाला ते येतच नाही, आणि ज्यांना येतं त्यांची अख्खी बाटली त्यानं नासते.

समोर लालाजी, शेजारी गिलसाहेब आणि त्यांची ती सही. पण नियम त्यांचाच होता, नाकाला आलं ते बोलायचं. मी म्हटलं, यात गंधक आहे. पिंपांपैकी एखाद-दोन बिघडलेली असतील, पण एकत्र केलं तर सगळाच माल जाईल.

लालाजी हसले, पण डोळे हसले नाहीत. दोघांना काही आलं नाही, मॅडमजींनाच बरं आलं, असं काहीसं म्हणाले आणि गिलसाहेबांकडे वळले. आता फक्त त्यांचं बोलणं उरलं होतं. त्यांनी ग्लास उचलला, नाकाशी धरला, खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग त्यांनी भलतंच विचारलं. "साफ ताँबा है किसी के पास?"

तांब्याचा उपयोग आम्हा केमिस्टांना ठाऊक होता. व्हिस्की गाळायची भांडीच मुळी तांब्याची असतात, कारण तांबं गंधक ओढून घेतं. तयार मालात तांबं बुडवलं तर गंधकाचा वास सगळा जात नाही, पण कमी होतो, आणि तो फरकच पुरावा असतो. प्रयोगशाळेत तार होती, पण तिच्यावर वार्निश. गिलसाहेब इकडेतिकडे बघत होते आणि माझा हात पिशवीत गेला. सासूबाईंनी घासलेली पळी मी काढली. काढताना मनात गणपतीला म्हटलं, बाबा रे, आता तूच सांभाळ.

दोन ग्लास भरले. एकात पळी ठेवली, दोन्ही झाकले, आणि आम्ही चहाही न पिता थांबलो. पुरेसा वेळ गेल्यावर गिलसाहेबांनी पळी काढली, नेगीने पाठ करून ग्लासांची अदलाबदल केली, आणि ते लालाजींच्या पुढे ठेवले. लालाजींनी पहिला हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा पहिला. या धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते, नाक अगदीच कच्चं नव्हतं. दुसरा ग्लास त्यांनी हातातून सोडलाच नाही. "ये तो कोई और ही चीज़ है," ते म्हणाले. पळीच्या ग्लासात बेदाणे मोकळे झाले होते. आता पहिल्या ग्लासातली जळकी काडी त्यांनाही लपत नव्हती.

इथे सगळं मिटलं होतं हो. तांबं गिलसाहेबांनी मागवलं होतं. म्हणजे त्यांनाही ते आलं होतं, असंच जो तो समजून चालला होता. लालाजींनी तसं बोलूनही दाखवलं, की गिलसाहब, तुमच्या नाकाला सलाम. गिलसाहेबांना फक्त मान हलवायची होती. सही शाबूत, मान शाबूत, निवृत्तीला हार.

त्यांनी मान हलवली, पण नकाराची. "मुझे नहीं आया, लालाजी. मुझे गंधक आता ही नहीं. जनम से नहीं आता." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "इसीलिए तो इसको रखा था."

माझ्या डोळ्यांपुढे ती मुलाखत होती. तिसरा ग्लास. तो त्यांनी सगळ्या उमेदवारांपुढे ठेवला होता, आणि त्यात काय आहे हे त्यांना स्वतःला हुंगून कळत नव्हतं. आपल्या नाकातलं भोक बुजवायला ते माणूस शोधत होते. दरवेळचं ते जरा देख, पिंपाच्या भोकाशी मला उभं करणं, ती परीक्षा नव्हतीच. ते मला विचारत होते. ज्या माणसासमोर मी इतकी वर्षं ओशाळून वावरले, तो माझ्या नाकावर विसंबून आपला संसार चालवत होता. मला तिथे भरून आलं, आणि टेस्टिंगच्या खोलीत रडायची सोय नसते, नाक बंद होतं. म्हणून मी पळी धुवायला बेसिनपाशी गेले.

पुढे महिनाभर मी आणि नेगी एकेका पिंपाला नाक लावत फिरलो. बिघडलेली पिंपं निघाली ती बाजूला काढली, बाकीचा माल एकत्र केला. जी व्हिस्की झाली, तिच्याबद्दल मी स्वतःची टिमकी वाजवणार नाही. एवढंच सांगते, की एका निवृत्त ब्रिगेडियरसाहेबांनी बाटली परत पाठवली होती, तक्रार अशी की ही भारतीय असूच शकत नाही, तुम्ही आत विलायती माल भरून फसवता आहात. ती तक्रार नेगीने चौकट करून भिंतीला लावली.

चिठ्ठीवर मात्र सही आली नाही. लालाजी वाईट माणूस नव्हते, पण व्यापारी होते. ज्याला गंधक येत नाही त्याचं नाव कसं छापायचं, असं त्यांना वाटलं असावं. याची चुटपुट मला आजही आहे. बाटली हातात आली की माझी नजर आधी त्या कोऱ्या कोपऱ्यावर जाते. निरोपाच्या दिवशी समोसे आणि चहा झाला. मी गिलसाहेबांजवळ हळहळले, तर म्हणाले, "नाम तो साबुन पे भी होता है." आणि माझ्या बशीतला समोसा उचलून खाल्ला.

पळीचं राहिलंच. ती मी त्याच संध्याकाळी सासूबाईंपुढे ठेवली आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी उचलून वास घेतला, नाक मुरडलं, चिंच आणायला सांगितली. "तांबं आहे ते, घासलं की सोवळं," म्हणाल्या. आरतीला तीच पळी होती. मालाची प्रत तपासते, हे वाक्य मात्र त्यानंतर त्या जरा मोठ्याने म्हणायला लागल्या.

गिलसाहेबांच्या खुर्चीत पुढे मी बसले. शेवटी बोलायचा मान माझ्याकडे आला. नियम तोच ठेवला, फक्त एकाची भर घातली. नव्या माणसानं पहिल्या दिवशी आपल्या नाकाला काय येत नाही ते सगळ्यांसमोर सांगायचं. सुरुवात मी स्वतःपासून केली. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास मला येत नाही. तो नेगीला येतो. त्याबाबत इतकी वर्षं नेगी म्हणेल ती पूर्व दिशा होती, आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. हे मला कुणी शिकवलं ते वेगळं सांगायला नको.

दिवाळीच्या आधी तासगावहून भाऊ बेदाणे पाठवतो. इकडे शिकायला येणाऱ्या कुठल्या ना कुठल्या पोराच्या सामानात ते दिल्लीपर्यंत येतात, तिथून बसने चंदीगडला, आणि सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर मी उतरवून घेते. त्यातला पहिला डबा गिलसाहेबांचा. आता ते खूप थकले आहेत, ऐकूही कमी येतं. सून दार उघडते, ते अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसलेले असतात. डबा उघडतात, मूठभर बेदाणे घेतात, मूठ घट्ट मिटून धरतात. मी एकदा सांगितलेली माझ्या वडिलांची रीत त्यांनी अशी उचलली आहे. मूठ गरम झाली की ते ती उघडतात, पण स्वतःच्या नाकाशी नेत नाहीत. माझ्यापुढे धरतात.

"जरा देख, बेटा."

मी वाकून हुंगते. "साफ है, साहब," म्हणते. मग ते खातात.